मरणाची मोजदाद

रॅरिटन नदीच्या अलीकडे पिस्कॅटवे आणि पलीकडे न्यू ब्रन्सविक. रटगर्स विद्यापीठ या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. आपल्यापैकी अनेक जण तिथे शिकले, आता आपली मुलं शिकतात. पण आपली ओळख बहुधा अलीकडच्या बुश कॅम्पसवरच्या इंजिनिअरिंगच्या इमारतींपुरती असते. समाजशास्त्राच्या विभागात काय चालतं, हे विचारायला आपण सहसा जात नाही. मीही गेलो नव्हतो. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या आणि गेली अनेक वर्षं सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या माणसाला समाजशास्त्र म्हणजे मतांना आकडेवारीचा शर्ट घालण्याचा उद्योग वाटतो, तसाच मलाही वाटायचा. हा पूर्वग्रह सुरुवातीलाच कबूल केलेला बरा. पुढे जे लिहिणार आहे त्यात तो अधूनमधून डोकं वर काढेल.

डेबोरा कार या समाजशास्त्रज्ञ बरीच वर्षं रटगर्समध्ये प्राध्यापक होत्या. २०१६ साली त्या बॉस्टन विद्यापीठात गेल्या. वार्धक्य, वैधव्य आणि मरण हे त्यांचे विषय. १९९७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवल्यानंतर त्यांनी जे संशोधन केलं, त्याचा बराच मोठा भाग एका प्रश्नाभोवती फिरतो. माणूस मरतो तेव्हा मागे राहिलेल्यांचं नेमकं काय होतं, आणि मरणाची तयारी कोण करतं, कोण करत नाही? गेली दोन-तीन वर्षं मी त्यांचे लेख आणि पुस्तकं सवड मिळेल तशी वाचतो आहे. त्यांच्या कामाचं मोल काय आणि ते कुठे तोकडं पडतं, याबद्दल माझं जे मत झालं ते इथे मांडतो.

मरणाबद्दल आपण मराठी माणसांनी कमी लिहिलंय असं नाही. १९६६ साली सावरकरांनी प्रायोपवेशन केलं, १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्नपाणी आणि औषध सोडलं. या दोन्ही मरणांवर आपल्याकडे लेख आले, व्याख्यानं झाली, वाद झाले. पण ही मोठ्या माणसांची, जाणूनबुजून पत्करलेली मरणं. इस्पितळातल्या अकरा नंबरच्या खाटेवर मधुमेहाने आणि मूत्रपिंडं निकामी झाल्याने जाणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांच्या मरणाचं काय? त्यांच्या उशाशी कोण बसलं, डबा कुणी पोचवला, कागदावर सही कुणी केली? अशा मरणावर आपल्याकडे शोकगीतं आहेत, कथा आहेत, मोजदाद नाही. कारबाईंचा सगळा व्यवहार या दुसऱ्या प्रकारच्या मरणाशी आहे.

अमेरिकेतही हा विषय फार जुना नाही. १९५५ साली जेफ्री गोरर या इंग्रज अभ्यासकाने लिहिलं की, व्हिक्टोरियन काळात लैंगिक विषय जसा झाकला जायचा तसं विसाव्या शतकात मरण झाकलं जातं. १९६५ साली बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राउस यांचं मरणासन्न रुग्णांवरचं पुस्तक आलं, १९६७ साली डेव्हिड सडनॉ यांचं आलं. ही मंडळी इस्पितळांच्या वॉर्डांत महिनोन्‌महिने हिंडली, बसली, ऐकत राहिली. १९६९ साली मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं पुस्तक आलं आणि त्यांच्या पाच पायऱ्या घरोघरी पोचल्या. कारबाई या क्षेत्रात आल्या तोवर विषयाची लाज गेली होती. विषयाला एक खोट मात्र राहिली होती, आणि ती आमच्यासारख्यांच्या चटकन लक्षात यावी अशी आहे.

सर्व्हर कोसळला की आम्ही आधी एकच गोष्ट मागतो : कोसळण्याआधीची नोंद. ती नसेल तर पुढची सगळी चौकशी म्हणजे अंदाज. दुःखाचा अभ्यास करणारे पूर्वी नेमके हेच करत होते. नवरा किंवा बायको गेल्यावर माणसाला गाठायचं आणि विचारायचं, तुमचं लग्न कसं होतं? आता, गेलेला माणूस चांगलाच होतो. कुठल्याही शोकसभेला जाऊन बसा. आयुष्यभर बायकोवर खेकसलेला गृहस्थ तिथे ‘वरून कडक पण आतून प्रेमळ’ होतो. अशा उत्तरांवर उभा केलेला सिद्धांत किती टिकणार?

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही अडचण सोडवण्यासाठी एक पाहणी आखली होती. १९८७-८८ साली त्यांनी डेट्रॉइट परिसरातल्या १,५३२ विवाहित लोकांच्या मुलाखती घेतल्या. अट एकच, नवऱ्याचं वय पासष्ट किंवा जास्त हवं. दोघंही हयात असताना त्यांना लग्नाबद्दल, आधाराबद्दल, भांडणांबद्दल, पैशाअडक्याबद्दल विचारून ठेवलं. नंतर राज्याच्या मृत्युनोंदी पाहत राहिले. त्यांतल्या ३१९ जणांचा जोडीदार गेला. मागे राहिलेल्यांना सहा महिन्यांनी, दीड वर्षाने आणि चार वर्षांनी पुन्हा गाठलं, आणि ज्यांचा जोडीदार जिवंत होता अशांच्या बरोबर त्यांची तुलना केली. पद्धत ऐकून अंगावर काटा येतो. कुणीतरी शांतपणे वाट बघत बसलंय, कोण आधी जातं याची! पण ही वाट बघितली म्हणूनच ‘आधी’ हाताशी आलं. पाहणी कारबाईंनी सुरू केलेली नाही. त्या नंतर आल्या, पण या आकड्यांतून सर्वांत जास्त अर्थ ज्यांनी काढला त्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. २००६ साली रँडॉल्फ नेसी आणि कॅमिल वॉर्टमन यांच्याबरोबर त्यांनी वार्धक्यातल्या वैधव्यावरचा जो ग्रंथ संपादित केला, तो याच पाहणीवर उभा आहे.

यातून निघालं काय? फ्रॉइडच्या १९१७ सालच्या निबंधापासून एक समजूत चालत आली होती, की ज्या नात्यात राग आणि प्रेम मिसळलेलं असतं तिथलं दुःख जास्त चिघळतं. २००० साली कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, डेट्रॉइटच्या म्हाताऱ्यांत उलट दिसतं. ज्यांचं लग्न भांडणाचं होतं त्यांना गेलेल्याची ओढ कमी. ज्यांचं जवळिकीचं होतं आणि जे एकमेकांवर टेकून होते त्यांना जास्त. हे तुमच्या-माझ्या आजीनेही सांगितलं असतं, असं कुणी म्हणेल. म्हणावं. पण आजीने दुसऱ्या दिवशी उलटही सांगितलं असतं, आणि तेही आपल्याला पटलं असतं. याच पाहणीवर जॉर्ज बोनानो यांच्याबरोबर केलेल्या २००२ सालच्या अभ्यासात जवळपास निम्मे लोक असे निघाले की, जोडीदार जाण्याआधीही ते फारसे खचलेले नव्हते आणि नंतरही नाहीत. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांनी अशा लोकांना ‘दुःख दाबणारे’ म्हणून नावं ठेवली होती. ती बिचारी नुसती सावरलेली माणसं होती.

मला सर्वांत आवडलेला निष्कर्ष २००४ सालचा आहे. भावनिकदृष्ट्या नवऱ्यावर सर्वांत जास्त अवलंबून असलेल्या बायकांचा आत्मविश्वास नवरा असताना सर्वांत कमी होता, आणि नवरा गेल्यानंतर सर्वांत जास्त झाला. घरकाम आणि हिशेबठिशेब बायकोवर टाकून बसलेले पुरुषही, ती गेल्यावर, आपण बदललो, वाढलो असं सर्वांत जास्त सांगत होते. वाचताना मला आई आठवली. वडील गेले तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती आणि एटीएमचं कार्ड तिने कधी हातात धरलं नव्हतं. दीड वर्षाने मी सांगलीला गेलो तेव्हा तिने मला बँकेच्या खिडकीपाशी उभं केलं आणि स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही. कारबाईंच्या तक्त्यात या रागाला रकाना नाही.

त्याच वर्षीचा दुसरा लेख पुनर्विवाहाच्या इच्छेवर आहे. विधुरांना विधवांपेक्षा पुन्हा लग्न करावंसं जास्त वाटतं, हे सर्वांना ठाऊक होतं. कारबाईंनी पुढे विचारलं, कोणत्या विधुरांना? उत्तर आलं : ज्यांना मित्रांचा आधार बेताचा आहे त्यांना. ज्यांना मित्र भरपूर, त्यांच्यात आणि बायकांत फरक उरत नाही. आपल्या गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेत उभं राहून पाहा. किती पुरुषांना स्वतःचे मित्र आहेत आणि किती जण बायकोच्या मैत्रिणींच्या नवऱ्यांवर भागवतात? मी दुसऱ्या गटात मोडतो.

आता २००३ सालच्या लेखाकडे येतो, कारण माझ्या मते कारबाईंच्या सगळ्या कामाचा कणा तिथे आहे. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे : चांगलं मरण, पण कुणासाठी? तोवर चांगल्या मरणाची एक यादी तयार झालेली होती. वेदना नाहीत, घरचे जवळ आहेत, माणसाने मरण स्वीकारलंय, कुणावर भार नाही. कारबाईंनी ही यादी मागे राहिलेल्यांच्या बाजूने तपासली. जोडीदार वेदनेत गेला असेल तर मागच्याची धास्ती, ओढ आणि नको असताना मनात येणारे विचार वाढतात. डॉक्टरांनी हयगय केली असं वाटत असेल तर राग वाढतो. निष्कर्ष साधे आहेत. पण ‘कुणासाठी’ हा शब्द एकदा हातात आला की, तो सोडवत नाही. पुढच्या वीस वर्षांत कारबाईंनी तो सगळीकडे लावला. चांगलं मरण श्रीमंतासाठी की गरिबासाठी? गोऱ्यासाठी की काळ्यासाठी? २०१९ सालचं त्यांचं वार्धक्यातल्या विषमतेवरचं पुस्तक म्हणजे याच प्रश्नाचा विस्तार आहे. म्हातारपण सर्वांना एका पातळीवर आणतं, ही गोड समजूत त्यात प्रकरणामागून प्रकरण मोडत जाते. जन्मभर साठत गेलेली तफावत शेवटी आणखी रुंद होते.

मरणाच्या तयारीचं घ्या. या देशात तयारी म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी : कोणते उपचार हवे-नकोत ते लिहून ठेवणारं लिव्हिंग विल, आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कुणी बोलायचं त्या हेल्थ केअर प्रॉक्सीचं नाव, आणि घरच्यांशी झालेलं बोलणं. विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली हायस्कूल संपवलेल्या हजारो लोकांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारी एक पाहणी आहे. ती वापरून कार आणि दिमित्री खोद्याकोव यांनी २००७ साली दाखवलं की, ज्यांनी नुकतंच जवळच्या कुणाचं वेदनादायी मरण पाहिलंय ते तयारी जास्त करतात. जे मरणाचा विचारच टाळतात किंवा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावेत असं मानतात, ते कमी करतात. २०१२ साली त्यांनी न्यू जर्सीतल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून आणखी एक गोष्ट पुढे आणली, आणि ती मला फार मार्मिक वाटते. गरीब माणूस लिव्हिंग विल करत नाही, याचं बरंचसं कारण त्याच्या श्रद्धेत किंवा अज्ञानात नाही. त्याच्याकडे वाटून देण्यासारखी मालमत्ता नाही, म्हणून तो मृत्युपत्र करायला वकिलाकडे जात नाही, आणि वकिलाकडे जात नाही म्हणून लिव्हिंग विलचा कागद त्याच्यासमोर येतच नाही. वेदनारहित मरणाचा कागद हा घराच्या कागदांबरोबर मिळणारा जोडमाल आहे!

आपल्या लोकांना हे लगेच पटेल. एडिसनला किंवा पिस्कॅटवेला घर घेतलं, पोरं झाली, कुणीतरी सुचवलं म्हणून वकिलाकडे गेलो. त्याने विल आणि ट्रस्टच्या जाड फाइलमध्ये शेवटी दोन पानं घातली, आपण सही केली. त्या पानांवर काय होतं, हे किती जणांना सांगता येईल? इथे कारबाईंशी माझा पहिला मतभेद आहे. कागद आहे की नाही, हे मोजता येतं म्हणून मोजलं जातं. बोलणं झालं की नाही, हेही त्या विचारतात, हे मान्य. पण ‘झालं’ आणि ‘नाही’ या दोन चौकटींत आपल्या घरातलं बोलणं बसत नाही. “माझं काही खरं नाही आता” असं बाबा दर दिवाळीला म्हणायचे. हे बोलणं धरायचं की नाही?

ज्या घटनेने हे लेख माझ्या हातात आले ती थोडक्यात सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, बाबा सांगलीतल्या एका खाजगी इस्पितळात होते. माझ्या व्हिसाचा शिक्का संपला होता, तिकडच्या वकिलाती बंद होत्या; गेलो असतो तर परत कधी येऊ शकलो असतो याचा नेम नव्हता. मी गेलो नाही. इथल्या रात्री तीन वाजता ताईचा फोन आला. डॉक्टर विचारताहेत, व्हेंटिलेटर लावायचा का? ताईचं म्हणणं, नको. ती बारा दिवस त्यांच्यासाठी पायऱ्या चढत-उतरत होती, काचेतून त्यांना बघत होती. माझं म्हणणं, लावा, जे शक्य आहे ते सगळं करा, पैशाचा विचार करू नका. हे शेवटचं वाक्य मी बोललो, आणि ते ताई अजून विसरलेली नाही. व्हेंटिलेटर लागला. बाबा सहा दिवसांनी गेले. त्या सहा दिवसांत त्यांच्याजवळ कुणालाही जाऊ दिलं नाही. बाबांना काय हवं होतं? ताई म्हणते तिला ठाऊक होतं. मला वाटत होतं मला ठाऊक आहे.

आता कारबाईंचा तक्ता उघडा. प्रॉक्सी म्हणून लोक कुणाला निवडतात, यावरच्या २००७ सालच्या लेखात विवाहित माणूस जोडीदाराचं नाव देतो, जोडीदार नसलेले आईबाप मुलांचं देतात, मुलंही नसलेले भावंडांचं किंवा मित्रांचं. उतरंड नीट लागते. पण ही उतरंड नात्यांची आहे, अंतराची नाही. हजारो मैलांवरचा मुलगा आणि शेजारच्या गल्लीतली मुलगी यांना ती एकाच ओळीत बसवते. आपल्याकडे तर कागद नसताना डॉक्टर विचारतात, “मुलगा काय म्हणतो?” पैसे पाठवणारा बोलतो, आणि मुलगा असेल तर अधिकच. डबा पोचवणारी ऐकते.

न्यू जर्सीला या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो इथे राहणाऱ्यांना माहीत असावा. १९७५ साली याच राज्यातल्या मॉरिस काउंटीतली कॅरन अ‍ॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी बेशुद्ध पडली, ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. श्वासाचं यंत्र काढावं असं आईवडिलांनी म्हटलं, डॉक्टरांनी नाकारलं. ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांना पालक नेमून तिच्या वतीने हा निर्णय घ्यायचा अधिकार दिला. यंत्र काढल्यावरही ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ साली गेली. त्या निकालाच्या वाटेने पुढे या राज्यात १९९१ सालचा आगाऊ सूचनांचा कायदा आला. तेव्हा ‘तिच्या वतीने कोण बोलणार’ याचं इथलं उत्तर होतं : बाप.

आपल्याकडचं उत्तर वेगळं आलं. १९७३ साली मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, आणि त्या बेचाळीस वर्षं त्याच इस्पितळात पडून राहिल्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली, पण अरुणा शानबाग यांच्या बाबतीत अर्ज फेटाळला. का? त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क लेखिकेचा नाही, आणि दुरावलेल्या नातलगांचाही नाही. तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं न्यायालय म्हणालं. ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवलं, कूस बदलली, अंगाला जखम होऊ दिली नाही, त्यांचा. त्या परिचारिकांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी त्या न्यूमोनियाने गेल्या. निकाल बरोबर होता की नाही, यावर वाद घालता येईल. मला तो अर्धाच पटतो. पण सेवा केली म्हणून बोलण्याचा हक्क, ही कल्पना कारबाईंच्या उतरंडीत कुठेही बसत नाही, आणि त्यांच्या कामाचा तोकडेपणा मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. २०१८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, २०२३ साली त्याची रीत सोपी केली, मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. म्हणजे बाबा हयात असतानाच कायदा होता. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. मी डॉक्टरेट झालेला माणूस!

कारबाईंनी जे सोडून दिलं त्याची किंमत इथे कळते. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी वॉर्डात बसून मरणाभोवतीच्या जाणिवेचे चार प्रकार सांगितले होते. रुग्णाला ठाऊक नाही, इतरांना आहे. रुग्णाला संशय आहे. दोघांनाही ठाऊक आहे पण दोघंही नसल्याचं सोंग करतात. आणि सगळं उघड आहे. यातलं तिसरं, परस्परांचं सोंग, हे आमच्या घराचं छायाचित्र आहे. बाबा व्हिडिओवर म्हणायचे, “दिवाळीला येतोस ना?” मी म्हणायचो, “येतो.” दोघांनाही माहीत होतं. प्रश्नावलीतून हे सापडत नाही, त्यासाठी खाटेशेजारी बसावं लागतं. कारबाई बसत नाहीत. त्यांच्या लेखांत मरणारा माणूस जवळजवळ कधीच बोलत नाही. तो गेलेला असतो किंवा अजून धडधाकट असतो. गद्यही कोरडं. नियंत्रित घटक, सहसंबंध, मर्यादा, पुढील संशोधनाची दिशा. माझ्या व्यवसायात असंच लिहितात, म्हणून मी तक्रार करू नये, पण करतो.

तरी पारडं मी त्यांच्याच बाजूने झुकवीन, आणि त्याचं कारण पुन्हा ‘कुणासाठी’ हेच आहे. वॉर्डात बसणाऱ्याला समोरच्या खाटेवरचा माणूस दिसतो. खाटेपर्यंत जो पोचलाच नाही तो दिसत नाही. वकिलाकडे न गेलेला दिसत नाही. ते मोजणारालाच दिसतं. रटगर्समधलेच त्यांचे ज्येष्ठ सहकारी अ‍ॅलन हॉर्विट्झ यांनी जेरोम वेकफिल्ड यांच्याबरोबर २००७ साली लिहिलेलं दुःखाच्या ऱ्हासावरचं पुस्तक जास्त वाचनीय आहे. साध्या, कारण असलेल्या दुःखाला मनोविकारशास्त्र आजार म्हणू लागलंय, हा त्यांचा आक्षेप जोरकस आहे, आणि २०२२ साली अमेरिकी निदानपुस्तिकेत लांबलेल्या शोकाचा विकार दाखल झाला तेव्हा तो पुन्हा आठवला. तिथे प्रौढांसाठी मुदत आहे बारा महिन्यांची. वर्षश्राद्ध घालणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पण हॉर्विट्झ यांचं दुःख कुणाचंही आहे, पत्ता नसलेलं. कारबाईंच्या दुःखाला वय, उत्पन्न, वर्ण आणि घराचा पत्ता असतो.

२०२० साली, साथ सुरू होताच, कॅथरिन बोर्नर आणि सारा मूरमन यांच्याबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. एकाकी मरण, घाईचा अंत्यविधी, जवळ न येऊ शकलेले नातलग, हे सगळं वाईट मरणाच्या यादीतलं आहे आणि मागे राहिलेल्यांना ते भोवणार आहे, असा त्याचा रोख. वर्षभराने आमच्या घरी ते घडलं. लेख मी त्यानंतर आणखी दोन वर्षांनी वाचला. वाचताना एका गोष्टीने अडखळलो. जे येऊ शकले नाहीत त्यांचं दुःख त्यात होतं. जे येऊ शकले नाहीत तरी निर्णय घेऊन बसले, त्यांचं नव्हतं. डेट्रॉइटच्या पाहणीत तर आम्ही असूच शकत नव्हतो. तिचं एकक नवरा-बायको आहे, एका छपराखालचे. साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेली आपली पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांची मुलं सिॲटल आणि ऑस्टिनला असतात. म्हणजे हा प्रश्न आता फक्त सांगलीचा राहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीचा प्रॉक्सीचा फॉर्म भरला. दोन प्रौढ साक्षीदार लागतात, आणि ज्याला प्रॉक्सी नेमायचं तो साक्षीदार चालत नाही. बायकोचं नाव घातलं. पर्यायी प्रॉक्सीची ओळ आली तिथे थांबलो. थोरली मुलगी अजून अठराची नाही. शेवटी ताईला फोन केला आणि या सगळ्या लेखांबद्दल पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं. विधवांच्या आत्मविश्वासाबद्दल, वकिलाच्या फाइलबद्दल, प्रॉक्सीच्या उतरंडीबद्दल. तिने नेहमीसारखं शांतपणे ऐकलं.

मग म्हणाली, “त्या बाईंनी फोन करणाऱ्यांना विचारलं का रे कधी? आणि फोन घेणाऱ्यांना?”

मी म्हटलं, नाही, माझ्या वाचण्यात तरी नाही.

“मग आईचा कागद करायला तू इकडेच ये,” ती म्हणाली. “फोनवर नको.”

जूनचं तिकीट काढलं आहे. नोटरी ताईच्या ओळखीचा आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.